अण्णाचा दगड : लातूर ते नांदेड आणि परत

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझी सवय माहीत आहे. मी लांब कुठे जात नाही. एसटी जिथवर नेईल तिथवर जायचं, तिथे काय खावं, कुठला लॉज टाळावा हे लिहायचं आणि मधूनमधून रस्त्याच्या कंत्राटदाराच्या नावानं बोटं मोडायची, एवढाच माझा धंदा. लातूर ते नांदेड हा तर धड प्रवाससुद्धा नाही. लोक लग्नाला, दवाखान्याला ऊठसूट जातात. तरी हा लेख लिहायला मी महिनाभर टाळाटाळ केली, आणि तो वाचून कोणाला पिशवी भरावीशी वाटेल असं मला वाटत नाही.

सुरुवात एका फोटोनं झाली. धर्माबादचे पोशट्टी म्हणून एक गृहस्थ आहेत. माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा अण्णा, हैदराबादला रेडिओचा कोर्स करत होता तेव्हा हे त्याच्या बाकावर बसायचे. पुढे दोघंही जहाजांवर रेडिओ ऑफिसर झाले. व्यापारी जहाजं बरं का, लढाऊ नव्हेत. पोशट्टी निवृत्त होऊन घरी आले. अण्णा आला नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. इराण-इराकची लढाई चालू होती आणि आखातात तेलाच्या जहाजांवर दोन्ही बाजूंनी हल्ले व्हायचे. अण्णाच्या जहाजाला आग लागली, बरेचसे लोक वाचले, रेडिओच्या खोलीतला माणूस सापडला नाही. एवढंच कळवलं गेलं, आणि त्यापुढे आजवर कोणी काही कळवलेलं नाही.

तर या पोशट्टींनी आणि त्यांच्या चार-दोन जुन्या सोबत्यांनी मिळून नांदेडला गोदावरीच्या काठावर एक स्मारक उभं केलं. आपल्या भागातून जहाजावर गेलेले आणि लढायांच्या दिवसांत परत न आलेले खलाशी, रेडिओवाले, इंजिनात कोळसा टाकणारे, सगळ्यांची नावं एका काळ्या दगडावर. त्या दगडाचा फोटो त्यांनी मला व्हॉट्सॅपवर पाठवला. मी तो वहिनींना दाखवला. वहिनींचे डोळे काचबिंदूनं जवळजवळ गेलेत. त्यांनी फोन नाकापाशी नेला, मी अक्षरं मोठी करून दिली आणि अण्णाच्या नावावर त्यांचं बोट ठेवलं. त्यांनी ते बोट तिथून काढलंच नाही. मग म्हणाल्या, "तिथं जाऊ. त्येंचं त्येंला देऊन येऊ."

काय द्यायचं होतं हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच गळ्यात इष्टलिंग बांधतात आणि ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. रोज आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, तोवर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. माणूस गेला की आम्ही जाळत नाही. खड्ड्यात बसवतो, लिंग त्याच्या डाव्या हातात देतो, विभूती आणि बेल टाकतो आणि माती देतो. एवढं झालं की माणूस पोचला.

अण्णा एकदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं हसत हसत एक गोष्ट सांगितली. वादळात जहाज कलंडत होतं, हा कठड्याला धरून होता, गळ्यातला दोरा तुटला आणि लिंग डेकवर घरंगळत पार कडेपर्यंत गेलं. यानं पायानं अडवलं. आम्ही सगळे हसलो. आमची आई हसली नाही. आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात. अव्वा त्या दिवशी जेवली नाही. पुढच्या खेपेला अण्णा निघाला तेव्हा तिनं उंबऱ्यातच त्याच्या गळ्यातलं लिंग काढून घेतलं. समुद्रात पडलं तर बिनलिंगाचा होशील, म्हणाली. तुझ्या वाटची पूजा मी इथं करते, तू तिकडं बिनघोर जेवत जा. कुठल्याही स्वामींना विचारलं असतं तर त्यांनी तिला वेड्यात काढलं असतं. तिनं विचारलं नाही.

लिंग घरात राहिलं आणि अण्णा पाण्यात गेला.

बातमी आल्यावर भावकीतले म्हणाले, त्याचे कपडे तरी पुरू, माती देऊन मोकळे होऊ. अव्वा आडवी आली. ज्याचं लिंग देवघरात आहे त्याला माती कशी देता, हा तिचा सवाल होता, आणि माती द्यायची राहून गेली. ती शेवटपर्यंत रोज अण्णाच्या लिंगाची पूजा करून मगच स्वतःची करायची. ती गेल्यावर ते काम वहिनींकडे आलं. लग्न होऊन त्यांचा संसार असा झाला तो अण्णाच्या दोन सुट्ट्यांपुरता. मूलबाळ नाही. मला बायको होती, ती गेली, मुलगी बंगळुरात असते. घरात आम्ही दोघंच. गेल्या वर्षी डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं की राहिलेली नजरही फार दिवस टिकायची नाही, आणि तेव्हापासून त्यांना एकच घोर लागला होता, की आपल्यामागे ते लिंग कोण बघणार. मी लिंग घालत नाही, हे त्यांना माहीत आहे.

दिवाळी होऊन गेली होती. पहाटेची गाडी पकडा असं मी नेहमी सांगतो, पण वहिनींच्या दोन पूजा आटोपून निघेपर्यंत उन्हं वर आली. लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाड्या बऱ्याच असतात, चाकूर, अहमदपूर, लोहा असा रस्ता आहे. बायकांना अर्धं तिकीट. साडेतीन तास म्हणतात, तुम्ही चार धरा. वहिनींनी मांडीवर कापडी पिशवी घेतली होती आणि कंडक्टरलाही ती वर ठेवू देईनात. पिशवीत लिंगाचा चांदीचा करंडा होता, बेल होता, विभूती होती आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेली आमच्या शेतातली माती. माती बघून मला बरं वाटलं होतं. दगडापुढे मूठभर माती टाकतील, लिंग ठेवून नमस्कार करतील, मन हलकं होईल असं मी धरून चाललो होतो. नंतर त्या लिंगाचं काय, हे मी विचारलंच नव्हतं. निघण्याआधी आमच्या मठाच्या स्वामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मालक नाही अशा लिंगाला वाहत्या पाण्यात सोडतात. नदी समोरच असेल, बघू तिथे, असं मी मनाशी म्हटलं.

चाकूरपर्यंत रस्ता झकास. पुढे काम चालू, काम बंद, पर्यायी मार्ग, अशा पाट्या वाचत जायचं. सोयाबीन निघून गेलेलं, तूर तेवढी फुलात उभी. अहमदपूरला गाडी थांबते, चहा पिऊ नका, गरम साखरपाणी असतं. लोह्याला मात्र उतरा आणि दही-धपाटे खा. ज्वारीचा, कांदा-कोथिंबिरीचा, जाडसर धपाटा आणि वर घट्ट दही. हे मी दर वेळी लिहितो आणि दर वेळी कोणीतरी मला धन्यवाद देतं. वहिनींनी एक धपाटा मोडून मोडून खाल्ला. त्या खुशीत होत्या, हे मला सांगितलं पाहिजे. लग्नानंतर अण्णानं त्यांना याच रस्त्यानं नांदेडला सिनेमाला नेलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सिनेमा कुठला ते त्यांना आठवत नव्हतं, अण्णा मध्येच झोपला होता एवढं आठवत होतं.

नांदेडला स्टँडबाहेर रिक्षावाले अंगावर येतात. नदीवर म्हटलं की ते गुरुद्वाऱ्याचे पैसे सांगतात, घासाघीस करा. घाटाचं नाव मी देत नाही. ज्याला जायचंच असेल तो काठानं चालत जाईल आणि त्याला सापडेल.

पोशट्टी पायऱ्यांपाशी उभे होते. सत्तरी ओलांडलेला, उंच, एका कानात मशीन घातलेला माणूस. त्यांनी वहिनींना वाकून नमस्कार केला आणि हाताला धरून खाली नेलं. नदी पाहून मन प्रसन्न वगैरे होईल अशी अपेक्षा ठेवू नका. अर्धं पात्र जलपर्णीनं भरलेलं, एका अंगाला नाला येऊन मिळतो, त्याचा वास. घाटाला सगळीकडे नवी फरशी. स्मारक अगदी पाण्यालगत आहे. माणसाच्या उंचीचा काळा ग्रॅनाइट, त्यावर लोखंडी सळ्यांचा नांगर आणि जहाजाच्या डोलकाठीसारखी एक काठी. शेजारीच कोणीतरी सेल्फी काढायची रंगीत अक्षरं बसवली आहेत, त्यामुळे नांगराच्या कठड्यावर बॅगा ठेवून पोरंपोरी तिकडे तोंड करून उभी असतात. नावं थोडी आहेत. मोठ्या महायुद्धाच्या वेळी मुंबईला पळून जाऊन जहाजावर चढलेला उदगीरचा एक, कंधारकडचे दोघं भाऊ, किनवटचा एक कोळसेवाला. अण्णाचं नाव शेवटून दुसरं.

पोशट्टी मला सांगत होते, फौजी गेला तर तिरंगा येतो, शाळेला नाव देतात. आमच्या माणसाला कंपनीचं पत्र येतं. लढाई त्याची नसते, तेल त्याचं नसतं, मरतो मात्र तोच. रेडिओवाल्याला तर सगळ्यात शेवटी उठायची मुभा, कारण जहाज कुठे बुडतंय हे त्यानंच कळवायचं असतं. आता ती खोलीच जहाजावर नसते, सगळं उपग्रहानं होतं. ते बोलत होते आणि मी मान डोलवत होतो, कारण याचा छान परिच्छेद होईल असं माझ्या डोक्यात चाललं होतं.

तेवढ्यात वहिनी खाली बसल्या. चप्पल काढून, पदर सावरून, दगडाच्या पायथ्याशी. दोन्ही हातांनी फरशी चाचपायला लागल्या. पिशवीतून पांढरं फडकं काढून माती बाजूला ठेवली. मग पोशट्टींना विचारलं, "फरशी काढायला मानूस सांगितलाय का?"

पोशट्टींना वाटलं ऐकायची मशीन बिघडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"किती खाली बसवलंय त्येंला?" वहिनी म्हणाल्या. "हात पोचला पायजे. लिंग हातात द्यायचंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्यात नाव कोरलेला दगड एकाच ठिकाणी लावतात, जिथं माणूस खाली बसवलेला असतो तिथं. दुसरा कुठला दगडच वहिनींनी जन्मात पाहिला नव्हता. फोटो पाहिला त्या दिवसापासून त्यांची खात्री होती की अण्णा सापडला. समुद्रातून काहीतरी आलं, हाडं असतील, कवटी असेल, ती कोणीतरी आणून नांदेडला बसवली आणि वर नाव लावलं. म्हणून त्या बसमध्ये खुशीत होत्या. महिनाभर एकाच घरात राहून माझ्या हे लक्षात आलं नाही. स्मारक म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागेल असं मला सुचलंच नाही, आणि त्यांना विचारावंसं वाटलं नाही, कारण दोघांनाही आपापलं उत्तर पक्कं ठाऊक होतं.

पोशट्टी गुडघे धरत त्यांच्यासमोर बसले. "अक्का," ते म्हणाले, "खाली कोणी न्हाई. खाली काँक्रीट हाय."

"मग दगड कशाला लावला?"

"आठवन म्हनून, अक्का."

"आठवन घरी होती की," वहिनी म्हणाल्या.

 त्या स्मारकासाठी त्यांनी नगरसेवकांचे, अधिकाऱ्यांचे किती उंबरे झिजवले होते हे त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. आता ते फरशीकडे बघत राहिले. पलीकडे पोरं फोटो काढत होती. एक बाई धुतलेली लुगडी नांगराच्या कठड्यावर वाळत घालायला आली, आम्हाला पाहून पुढे गेली.

थोड्या वेळानं मी स्वामींचं म्हणणं सांगितलं, पाण्यात सोडायचं. सांगायला नको होतं, पण हातात दुसरं काही नव्हतं. वहिनींनी तोंड नदीच्या आवाजाकडे वळवलं आणि पोशट्टींना विचारलं की हे पाणी अण्णाकडे जातं का. पोशट्टींनी जन्मभर नकाशे पाहिलेले. हो म्हणाले असते तर त्यांचं काही बिघडलं नसतं, मी तर मनातून हात जोडले होते.

"न्हाई, अक्का. ही तिकडं पूर्वेला जाती, आंध्रातून. अण्णा पश्चिमेच्या पाण्यात हाय."

वहिनींनी मान हलवली. करंडा पिशवीत घातला, मातीच्या फडक्याची गाठ पुन्हा बांधली आणि तीही आत ठेवली. बेलाची पानंसुद्धा ठेवली नाहीत. उठताना आधाराला त्यांनी दगडाला हात लावला, तेवढाच त्यांचा नि त्या दगडाचा संबंध आला. अण्णाच्या नावावरून बोटं फिरवावीत म्हणून मी त्यांचा हात वर नेऊ लागलो, तर त्यांनी तो काढून घेतला.

मुक्काम स्टँडजवळ केला. लॉज स्वच्छ आहे, पाणी सकाळी गरम येतं. गुरुद्वाऱ्याचा लंगर कधी चुकवू नये असं मी मागे लिहिलंय आणि ते खरं आहे. वहिनींना नेलं, त्यांनी हात जोडून दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी पोशट्टी आम्हाला गाडीत बसवायला आले, धर्माबादची लाल मिरची बांधून घेऊन. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन मला हळूच म्हणाले, "मी विचार करून राहिलो, दगड लावून चूक केली का आमी." मी नाही म्हणालो. माझा आवाज मलाच पटला नाही. गाडी रस्त्याला लागली. येताना आम्ही लोह्याला उतरलो नाही.

आता नेहमीप्रमाणे हिशेब. जावं का? ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी जावं. आपल्या कोरड्या मुलखातून माणसं समुद्रावर गेली आणि दुसऱ्यांच्या लढायांत मेली, हे त्या दगडाशिवाय कुठेही लिहिलेलं नाही. सकाळी जा, वास कमी असतो. पाणी सोबत ठेवा. पण ज्यांच्या घरचं नाव त्यावर आहे त्यांना तिथे काही मिळेल असं मी सांगू शकत नाही. आम्हाला मिळालं नाही. उलट जाताना आमच्याकडे जे होतं ते येताना नव्हतं, आणि ते कशानं भरून येईल हे मला अजून कळलेलं नाही. अव्वा असती तर काय म्हणाली असती, हा विचार मी करायचं टाळतो.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवघरासमोरच्या खोलीत पेपर वाचत होतो. वहिनी आंघोळ करून आल्या, चाचपत बसल्या, स्वतःचं लिंग काढून पूजा केली, गळ्यात घातलं आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. चूल पेटवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं सुशीला या आमच्याकडच्या न्याहारीची ताटली माझ्यापुढे आली, कांदा आणि दाण्याचा कूट घातलेले भिजवलेले मुरमुरे, नेहमीसारखेच. दुसरी ताटली घेऊन त्या स्वतः खायला बसल्या. अण्णाचा करंडा कोनाड्यात तसाच बंद होता.

मी विचारलं, "अण्णाचं राहिलं का?"

"कुनासाठी करू?" त्या खाता खाता म्हणाल्या. "कुटं बसलेत त्ये?"

रडल्या नाहीत. ताटली संपवली, पाणी प्यायल्या. अव्वा सांगायची, इथे पूजा झाली की तिकडे त्याला जेवता येतं. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पण समोरची ताटली मी बाजूला सारली. एवढी वर्षं या घरात रोज कोणीतरी त्याला जेवायची परवानगी देत होतं, आणि त्या दिवशी कोणी दिली नव्हती.

मी उठलो. करंडा खाली घेतला, उघडला. काळं, गुळगुळीत, बोराएवढं लिंग. इतक्या वर्षांत मी ते हातात घेतलं नव्हतं. पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि तसाच बसून राहिलो, कारण आधी पाणी की विभूती, काही आठवेना.

वहिनींना दिसत नव्हतं, पण झाकणाचा आवाज त्यांनी ओळखला असणार. स्वयंपाकघराच्या दारातून, त्याच कोरड्या आवाजात त्या म्हणाल्या, "डाव्या हातात घ्या, भावजी. त्येंच्या हातात द्यायचं होतं तसं."